फटफटीची खांदेमळण

"डिंक! नुसता डिंक झाला इथं! कोन वतलं बे हे याच्यात?"

कारभारी मिस्त्री कडाडला, तसा ओट्यावर सुपारी कातरत बसलेल्या किसनरावांचा अडकित्ता थांबला. मिस्त्री चिखलीच्या जिनातला फिटर होता. कापसाच्या जिनाची धूड इंजिनं उघडून पुन्हा बसवणारा माणूस, उगाच बोंबलणारा नव्हे. गेले चार दिवस साखरखेर्ड्याच्या या अंगणात निंबाखाली गोणपाट अंथरून तो नारायणरावांच्या फटफटीचा एकेक अवयव सुटा करत होता. घरातली माणसं येता-जाता त्या गोणपाटाकडे अशी बघत, जशी कोणाची तरी शुद्ध हरपली आहे आणि वैद्य आत बसला आहे.

"काय झालं मिस्त्री?" किसनरावांनी विचारलं. आवाज होता होईल तेवढा सहज ठेवला होता.

"दट्ट्या जाम हाय मालक. कोनंतरी पलगच्या भोकातून एरंडेल वतलं. एकदा नाई, धा-बारा वेळा. थरावर थर! आता हे इंजिन हाय का चिक्कीची कढई?"

किसनरावांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. वाईट वाटायला हवं होतं, पण छातीवरचा धोंडा थोडा हलला खरा. चला, आपल्याला काही करावंच लागणार नाही, असं त्यांच्या मनात आलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

कारण गोष्ट अशी होती. फटफटी चालू होऊच शकत नव्हती. तिच्या म्याग्नेटाच्या पोटातला अंगठ्याएवढा पितळी तुकडा, जिच्यावाचून ठिणगीच पडत नाही अशी वस्तू, गेली बारा वर्षं किसनरावांच्या चंचीत लवंगेच्या कप्प्यात पडून होती. हे त्या घरात एकट्या किसनरावांना ठाऊक होतं.

नारायणराव त्यांचा पाठचा भाऊ. बसऱ्याच्या लढाईत लष्कराच्या फटफट्या दुरुस्त करायला गेला, जित्ता परतला, आणि पुढं कामठीच्या लिलावातून ही लष्करी फटफटी घेऊन आला. काय गाडी होती ती! सडक तिला लागतच नव्हती. काळ्या रानातली पांदण म्हणा, नाला म्हणा, जिथं भरल्या गाडीचा आख मोडायचा तिथून ही फटफट करत चिखल उडवत निघून जायची, आणि निंदणाऱ्या बाया खुरपी टाकून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभ्या राहायच्या. मग एका आषाढात किसनरावांना हिवतापानं धरलं. तिसऱ्या दिवशी वाचा गेली. भर पावसात नारायण मेहकरला गेला, डॉक्टरला मागं बांधल्यासारखा बसवून नाल्यातून घेऊन आला, आणि दोन दिवसांनी तसाच पावसात पोचवूनही आला. कोयनेलच्या सुईनं किसनराव उठून बसले. भिजलेला नारायण मात्र छाती भरून आठव्या दिवशी गेला.

"फटफटीनं माह्या भाऊ खाल्ला," किसनराव तेव्हापासून सगळ्यांना सांगत आले. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी कडब्याच्या कोठ्यात लोटली, तिचा जीव कुठं असतो ते नारायणनंच कधी कौतुकानं दाखवलं होतं, तिथला तुकडा काढून घेतला, कुलूप घातलं आणि किल्ली करदोड्याला बांधली. प्रकरण मिटलं. निदान त्यांना तसं वाटलं होतं.

पण पोरं वाढतात ना! नारायणचा एकुलता भगवान ढोरांचा डॉक्टर होऊन नागपुराहून आला, आणि त्याच्या हातात दोन कागद होते. एक जबलपूरचा, पगार आणि राहायला बंगली. दुसरा इथला, आसपासच्या चाळीस गावांत बुळकांडीची लस टोचत फिरायचं. मेहकरपर्यंत मोटारीनं येणारी बर्फातली लस त्याच दिवशी रानात पोचवायची, म्हणून अट एकच: वाट नसेल तिथंही जाईल असं स्वतःचं वाहन हवं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भगवानला एकाला हो आणि एकाला नाही कळवायचं होतं. पोराचं मन इथंच होतं. त्याच्या मायचं तर विचारूच नका. नवरा गेलेल्या बाईचा एकुलता एक लेक जबलपूरला गेला म्हणजे मागं काय उरतं?

तेव्हा किसनरावांनी चावडीवर निकाल द्यावा तसा शब्द दिला होता: "खांदेमळणीच्या दिवशी दिवे लागेपर्यंत चालू झाली तं भगवानची. नाई तं भंगारवाल्याची." मोठेपणा दिसावा असा शब्द! चंचीत तुकडा असताना असा शब्द द्यायला काय जातं? पोरगं जबलपूरला जाईल, पण जित्तं राहील, एवढाच त्यांचा हिशेब होता.

आणि आज पोळ्याचा आदला, बैलांचे खांदे मळायचा, खांदेमळणीचा दिवस होता.

"कोन वतलं, ते तं कळू द्या," मिस्त्री पुन्हा म्हणाला.

मधल्या घराच्या दारामागं बांगड्या वाजल्या. मंजुळाबाई, नारायणरावांची बायको, डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून उभी होती. पंचवीस वर्षांत ती आपल्या भासऱ्यांशी थेट एक शब्द बोलली नव्हती. जे बोलायचं ते जावेला सांगायचं, आणि जाऊ दोन हातांवर असलेल्या नवऱ्याला तेच पुन्हा सांगायची. घराची रीतच तशी.

"बाई, मिस्त्रीले सांगा," ती आतून म्हणाली, "म्याच वतलं."

अन्नपूर्णाबाई, किसनरावांची बायको, पुरणाचा हात पुसत उंबऱ्यात आली. "मंजुळा म्हनते, तिनंच वतलं."

"आयकू आलं मले," किसनराव म्हणाले. "काऊन वतलं, विचार."

"बाई, सांगा की बैलाले पाजतो तसं पाजलं. दर खांदेमळणीले एक पळी. ते म्हनत होते, माही गाडी एरंडेल पिते. मी दिवा धरत होती अन् ते पलग काढून दाखवत होते. आता गोठ्यातल्या समद्या ढोराइले तेल-हळद लागते, अन् त्याइचंच जनावर उपाशी ठेवाचं का?"

मिस्त्रीनं कपाळावर हात मारला. भगवान हसावं की रडावं अशा चेहऱ्यानं आईकडे बघत राहिला. पण किसनरावांच्या डोक्यात वेगळंच उजेडलं.

"थांब. कोठ्याची किल्ली माह्या करदोड्याले. बारा वर्सं. मंग हे आत गेली कशी?"

अन्नपूर्णाबाई एकाएकी पुरणाच्या हाताकडे निरखून पाहू लागली.

"अन्नपूर्णा!"

"काय ओरडता? दर खांदेमळणीले तुमाले तेल लावून न्हाऊ घालतो का नाई मी? अंगाले हात लावू देत नाई तुमी वर्सभर, पन त्या दिवशी गुमान बसता. बैलाची आंघोळ तशी मालकाची आंघोळ. तवा करदोडा खुंटीले राह्यते."

"म्हंजे तूबी मिळालेली!"

"मंग? लग्न तुमच्याशी केलं, पन घरात दिवसभर राह्यतो मी तिच्यासंगं," अन्नपूर्णाबाई म्हणाली आणि वळून आत गेली.

मिस्त्री तोंडात गमछा कोंबून हसत होता. किसनरावांना राग आला, पण खरं सांगायचं तर रागाखाली काहीतरी वेगळंच हललं. बारा खांदेमळण्या! आपण पाटावर डोळे मिटून बसलेलो, आणि ही बाई त्या अंधाऱ्या कोठ्यात कडब्यातून वाट काढत, वाटीत तेल घेऊन, मेलेल्या नवऱ्याच्या जनावराला पाजत होती. वेडगळपणाच म्हणायचा. पण असला वेडगळपणा करायला छाती लागते.

"आता काय मिस्त्री? गेलं का इंजिन?" भगवाननं विचारलं.

"घासलेटात भिजवून पाह्यलं, बापू. दट्ट्या हालत नाई. घन मारला तं फुटन."

पुन्हा बांगड्या वाजल्या. "बाई, मिस्त्रीले म्हना, मारू नका. घासलेट पुसून काढा अन् शेका. बैलाचा खांदा आखडला तं आपन मारतो का?"

घटकाभरानं अन्नपूर्णाबाईनं तव्यावर तापवलेल्या रेतीचं गाठोडं आणून त्याच्या हातात दिलं, आणि त्यानं ते मुकाट घेतलं. एक गाठोडं थंड झालं की दुसरं. किसनराव ओट्यावरून बघत होते. पलीकडे गडी शेषराव बैलांच्या खांद्यांना गरम पाण्यानं शेकत होता, आणि अलीकडे चिखलीच्या जिनाचा फिटर लोखंडाला शेकत होता. दोघांचे हात सारखेच गोल फिरत होते. चौथ्या गाठोड्याला मिस्त्रीनं इंजिनाच्या कडेचं चाक हातानं ओढलं, आणि आतून हळूच, ढेकर दिल्यासारखा आवाज आला.

"हालला! हालला बे!"

सिलिंडर उचलून त्यानं उजेडात धरला आणि आत फडकं फिरवलं. मग कोणाचीही परवानगी न घेता तो तसाच ओट्यापाशी आला आणि सिलिंडर किसनरावांच्या डोळ्यांसमोर धरला. आतल्या भिंतीत किसनरावांना स्वतःच्या मिशा दिसल्या.

"मालक, जिनाचं इंजिन एक पावसाळा बंद राह्यलं तं गंजते अन् आमी रडत बसतो. इथं बारा पावसाळे गेले. गंजाचा एक ठिपका दाखवा मले! त्या डिंकानंच वाचवलं याले." तो दाराकडे वळला आणि दोन्ही हात जोडले. "बाई, मी फिटर हाव वीस वर्सं. गलती झाली माही. मी तुमाले नावं ठेवली."

किसनरावांना दिसलं, दाराच्या फटीतला पदर थोडा मागं सरला होता. वा रे बाई, असं त्यांच्या ओठांवर आलं होतं. ते त्यांनी सुपारीबरोबर गिळलं.

दुपारभर अंगणात लगीनघाई होती. विहिरीच्या मोटा शिवणाऱ्या महादेवरावांनी मोटेच्या जाड चामड्याचा, इंजिनावरून मागचं चाक फिरवणारा पट्टा शिवून आणला, कारण असला पट्टा खामगावातही मिळाला नव्हता. टायर आधीच आलं होतं. भगवान बाह्या सारून मिस्त्रीच्या हाताखाली बसला होता, आणि नट आवळताना त्याची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. हुबेहूब नारायण. किसनरावांनी तोंड फिरवलं.

उन्हं निंबाच्या शेंड्यावर गेली तेव्हा गाडी उभी राहिली. पेट्रोल घातलं. मिस्त्रीनं पायटा मारला, एकदा, दहादा, वीसदा. मग भगवाननं मारला. घाम गळेपर्यंत मारला. गाडी हूं की चूं करेना.

"ठिनगीच पडत नाई," मिस्त्री म्हणाला. त्यानं म्याग्नेट उघडलं, आत बोट घातलं, आणि त्याचा चेहरा उतरला. "कशी पडन? आतला तुकडाच नाई! अन् हा पडला नाई मालक, कोनंतरी काढला. उंदीर काही इस्क्रू खोलत नाई. नवा मागवाचा तं मुंबईहून. महिना लागन."

महिना! परवा पत्र टाकायचं होतं.

किसनरावांचा हात चंचीवर होता. कापडातून तो तुकडा बोटाला टोचत होता.

भगवान उभा राहिला, हात फडक्याला पुसले आणि अगदी सरळ आवाजात म्हणाला, "राहू द्या मिस्त्री. लय केलं तुमी. मोठेबाबा, तुमीबी शब्द पाळला, चार दिवस देल्ले. जबलपूर का वाईट हाय? पोळा झाला की निघतो." आणि तो बिस्तरा बांधायला आत गेला. पोरगं रागावलं असतं, आदळआपट केली असती, तर किसनरावांना सोपं गेलं असतं.

मग मंजुळाबाई बाहेर आली. अंगणात, सगळ्यांसमोर. हातात हळद कालवलेल्या तुपाची वाटी आणि जुन्या लुगड्याचा तुकडा होता. "बाई, मिस्त्रीले सांगा बाजूले व्हा," ती म्हणाली. "उद्या भंगारवाल्याच्या गाडीत जाईन हे. माहेरवाशीन न्हाऊ-माखू न घालता धाडते का कोनी?" आणि ती गोणपाटावर बसून गाडी पुसू लागली. आधी चाकं, मग टाकी, मग जिथं हँडल मानेला मिळतं ती जागा. तिथं मिस्त्रीचं फडकं पोचलं नव्हतं. त्या खाचेत पिवळं काहीतरी घट्ट बसलं होतं. किसनरावांनी डोळे बारीक केले. हळद होती ती. बारा वर्षांची, एकावर एक लागलेली.

आपण बारा वर्षं काय केलं? त्यांनी स्वतःला विचारलं. एकाच माणसाचं दुःख दोघांना. तिनं त्याची वस्तू जपली, आणि आपण त्याच वस्तूचा जीव काढून लवंगेच्या कप्प्यात ठेवला. आणि तोंड वर करून म्हणत राहिलो, फटफटीनं भाऊ खाल्ला. कोणासाठी गेला होता तो मेहकरला?

ते उठले. ओट्याची पायरी उतरताना गुडघे वाजले. मंजुळाबाईपासून चार हातांवर ते थांबले, चंची सोडली आणि तुकडा तळहातावर घेतला.

"मंजुळा," ते म्हणाले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा थेट. "हे म्या काढलं होतं. बारा वर्सं माह्यापाशीच हाय. माफ कर, असं कोनत्या तोंडानं म्हनू?"

अन्नपूर्णाबाईच्या हातातलं ताट दारातच राहिलं. "अगंबाई! मले वाटे अडकित्त्याचा तुकडा."

मंजुळाबाई बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत होती. मग तिनं पदर मागं सारला आणि मान वर केली. जावेकडे बघितलं नाही, सरळ किसनरावांकडे बघितलं.

"दादा," ती म्हणाली, "गाडीनं नाई खाल्लं त्याइले. त्या दिवशी मी आडवी झाली होती दारात. म्हटलं, पाऊस थांबू द्या. तं मले काय म्हने माहीत हाय? म्हने, दादा गेला तं हे फटफटी का चाटू मी? असे म्हनून गेले. अन् तुमी उठून बसले, पेज पेले, ते त्याइनं पाह्यलं. ताप अंगात होता तरी हासत होते. जाताना रडत नाई गेले ते. तुमी बारा वर्सं लपून रडले, मले आधीच सांगतलं असतं तं दोघं मिळून रडलो असतो."

किसनराव तिथंच गोणपाटावर, सुट्या पान्यांच्या मधोमध बसले आणि धोतराच्या सोग्यात तोंड घालून हमसून हमसून रडले. मिस्त्रीनं हळूच त्यांच्या मुठीतून तुकडा काढून घेतला. शहाणा माणूस. त्याला वेळ कमी आहे हे ठाऊक होतं.

तुकडा बसला, भगवानला आतून ओढून आणलं. पहिला पायटा वाया गेला. दुसऱ्याला एक खोकला आला. तिसऱ्याला असा दणका उठला की शेषरावाच्या हातातले बैल दावं तोडायला निघाले, निंबावरचे कावळे उडाले आणि शेजारच्या सत्यभामाबाई सूप घेऊनच धावत आल्या. निळा धूर अंगणभर झाला, आणि त्या धुराला एरंडेलाचा वास होता. बारा खांदेमळण्यांचं तेल जळत होतं. मंजुळाबाई धुरातच उभी राहिली, बाजूला झाली नाही.

भगवान पांदणीत शिरला. आवाज धुऱ्यामागं गेला, नाल्यात उतरला आणि बंद पडल्यासारखा झाला. किसनरावांनी निंबाचा बुंधा धरला. अन्नपूर्णाबाई त्यांच्याजवळ येऊन उभी राहिली. मग नाल्याच्या पलीकडच्या चढणीवरून आवाज पुन्हा फुटला, मोठा झाला, वळला आणि जवळ येऊ लागला. पोरगं परत आलं ते डोळे सोडून सगळं चिखलानं माखलेलं, आणि हसताना नुसते दात दिसत होते.

"मोठेबाबा, नाला असा वलांडला! पानी चाकाच्या आखावर होतं!"

"दिसलं," किसनराव म्हणाले. "पावसात जाशीन तं घोंगडी घेऊन जाजो. नाई तं पाय तोडीन तुहे."

दिवे लागायची वेळ झाली होती. शेषरावानं बैल ओळीनं उभे केले. किसनरावांनी तुपाची वाटी घेतली, एकेका बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळलं आणि एकेकाच्या कानाशी दरवर्षीचं वाक्य म्हटलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." शेवटचा बैल झाला. वाटीत थोडं तूप उरलं होतं. ते फटफटीकडे वळले, तसे जरा अडखळले. गडीमाणसं बघत होती.

"हिले तं तू लावलंच असशीन," ते मंजुळाबाईला म्हणाले.

"हळद लावली, दादा. बारा वर्सं लावली. पन आवतन नाई देल्लं," ती म्हणाली. "ते घरच्या मोठ्या मानसानंच द्या लागते ना."

किसनरावांनी वाटीतलं सगळं तूप बोटांवर घेतलं. इंजिन अजून गरम होतं. हँडल जिथं मानेला मिळतं, त्या पिवळ्या खाचेत त्यांनी आपली हळद भरली, आणि बैलाच्या कानाशी वाकावं तसे वाकले. मग त्यांनी तेच शब्द म्हटले, मोठ्यानं, साऱ्या अंगणाला ऐकू जातील असे. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि करदोड्याची किल्ली सोडून मंजुळाबाईच्या हातावर ठेवली.